पिंपळापुरेकाकांचे पाच पास

हेरन्सनं बास्केट केली की सगळं स्टेडियम उठून ओरडतं, ढोल बडवला जातो, फोमचा बगळा झालेला एक माणूस पंख हलवत कोर्टाच्या कडेनं धावतो, आणि आमचे पिंपळापुरेकाका आपल्या डाव्या हाताच्या बोटाकडे बघतात. त्या बोटात अंगठीसारखं एक छोटं यंत्र असतं, नामजप मोजायचं. बटण दाबलं की आकडा एकानं पुढे सरकतो. ते यंत्र खरं काकूंचं. त्यांनी ते रामनाम मोजायला नागपूरहून आणलं होतं. काका त्याच्यावर पास मोजतात.

बास्केट व्हायच्या आधी बॉल पाच हातांतून फिरला असेल तर काका टाळ्या वाजवतात. चारच पास झाले असतील तर हात मांडीवर. एकही पास न देता कोणी सरळ जाऊन बॉल टाकला, तर काका तोंड फिरवून म्हणतात, "चोरीची बास्केट आहे ही." उलट सात-आठ सुंदर पास होऊन बॉल रिंगेवर आपटून बाहेर पडला, तर हा माणूस उभा राहून टाळ्या पिटतो. आपल्याच टीमनं चुकवल्यावर. आमच्या मागच्या रांगेत बसणाऱ्यांची पहिलं वर्षभर खात्री होती की हे गृहस्थ समोरच्या टीमचे हेर आहेत.

हेरन्स ही इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सची प्रोफेशनल बास्केटबॉल टीम. या देशात फुटबॉल सोडून काही प्रोफेशनल असतं, हे इथल्या लोकांनाही सांगावं लागतं. काका त्यांना "आपले बगळे" म्हणतात.

मी पुण्याहून इथे एका इन्शुरन्स कंपनीत डेटा अॅनालिस्ट म्हणून आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी काकांनी दार वाजवलं. दोन घरं सोडून राहतात. उंची पाच फूट चार इंच, अंगात स्वेटर, स्वेटरखाली टाय.

"पुण्याची नं तू?"

"हो."

"असू दे. चालते," काका क्षमा केल्यासारखं म्हणाले. "उद्या कचऱ्याचा हिरवा बिन बाहेर ठेवायचा आहे, निळा नाही. आणि शनिवारी काय करून राहिली?"

शनिवारी मी काहीच करून राहिले नव्हते. अशी मी हेरन्सची प्रेक्षक झाले. काकांकडे सीझनची दोन तिकिटं असायची. दुसरं काकूंसाठी घेतलेलं होतं, पण शैलाकाकू एकदाच आल्या. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी त्या फोमच्या बगळ्याला थांबवून आत कोण आहे ते विचारलं. आत एक गुजराती गृहस्थ निघाले. त्यांची बहीण लंडनमधल्या हॅरोला काकूंच्या मैत्रिणीच्या शेजारीच राहते असं कळलं. "झालं माझं," म्हणून काकू उठल्या, त्या परत कधी आल्या नाहीत.

काकांचा जन्म नागपूरचा, आणि नागपुरात बास्केटबॉल किती जोरात खेळतात हे आम्हा पुणेकरांना माहीत नसतं, हे मला पहिल्याच शनिवारी तीन वेळा सांगण्यात आलं. सिमेंटच्या कोर्टावर ते अनवाणी खेळलेत. "पण मी बास्केट कधीच केली नाही," ते अभिमानानं सांगतात. "एकही नाही. कॉलेजची चार वर्षं नुसते पास दिले. ज्यानं बास्केट केली त्याचं नाव पेपरात. ज्यानं पास दिला तो सायकलला पंप मारून घरी."

पुढे ते इंजिनीअर होऊन इकडे आले आणि इथल्या नगरपालिकेत, कौन्सिलच्या रस्ते विभागात, राउंडअबाउटं म्हणजे सिग्नल नसलेले गोल चौक आखू लागले. मिल्टन कीन्समध्ये दुसरं काही आखायला नसतंच. इथला माणूस घरातून दूध आणायला निघाला तरी सहा राउंडअबाउटं ओलांडतो. काकांचं म्हणणं असं, की सिग्नल म्हणजे माणसावर अविश्वास. "लाल लागला, थांब. हिरवा लागला, जा. हे काय जनावरं हाकणं आहे का? राउंडअबाउटवर तू समोरच्याकडे बघतेस, तो तुझ्याकडे बघतो, उजवीकडच्याला गिव्ह वे देतेस, आधी जाऊ देतेस, आणि सगळे जातात. कोणी पोलीस लागत नाही." बास्केटबॉलचंही तेच, असं ते मानत. त्यामुळे काका मॅचमध्ये ओरडायचे ते एकच: "गिव्ह वे, बापा, गिव्ह वे!" म्हणजे पास दे.

हा सिद्धांत त्यांनी एकदा मराठी मंडळाच्या गणपतीतही लावला. जेवणाच्या पंक्तीला त्यांनी वाढणाऱ्यांचा असा गोल केला की पुरी किचनमधून निघून पाच हातांतून फिरून पानात पडेल. पुरी पानात पडली तेव्हा तिचा पापड झाला होता. नागपूरची दोन माणसं सोडली तर सगळे चिडले. काका म्हणाले, "पास चांगले होते. फिनिशिंग कमी पडलं."

मी पाहिला त्या पहिल्या सीझनमध्ये काका सुखी होते. तेव्हाचा कोच जाडा, वयस्कर, कायम घसा बसलेला. त्याच्या टीमचा सगळा खेळ एका माणसाभोवती चालायचा, त्याचं नाव डेस्मंड. बर्मिंगहॅमचा, सहा फूट दहा इंच, खांदे फ्रिजच्या रुंदीचे. तो रिंगेखाली जाऊन रिंगेकडे पाठ करून उभा राहायचा. बॉल बाहेरून फिरत फिरत त्याच्याकडे यायचा. मग डेस्मंड तो छातीशी धरून थांबायचा. त्याच्याभोवती बाकीचे चौघं फिरू लागायचे, कोणी कापून आत, कोणी कोपऱ्यात. कोणी मोकळा दिसला तर डेस्मंड पास द्यायचा, नाही दिसला तर सावकाश वळून, दरवाजा लोटावा तसा बॉल आत टाकायचा.

"बघितलं?" काका माझा दंड धरून म्हणाले. "हा पोट्टा राउंडअबाउट आहे. सगळी ट्रॅफिक त्याच्याभोवती."

त्या वर्षी बगळे मधल्या नंबरावर आले. क्लबनं रिव्ह्यू केला. रिव्ह्यू हा शब्द ऐकला की मला कळतं, कोणीतरी जाणार. जाडा कोच गेला.

दुसऱ्या सीझनला टोकदार बुटांचा नवा कोच आला आणि सगळ्या टी-शर्टांवर एकच शब्द आला: टेम्पो. बॉल हातात आला की पळायचं. पास शोधत बसायचं नाही, विचार करत बसायचं नाही, सात-आठ सेकंदांत बॉल फेकून मोकळं व्हायचं. त्याच वर्षी आमच्या ऑफिसातही सगळ्या कामांना स्प्रिंट म्हणायला लागले होते. बसूनच करायची ती कामं, पण स्प्रिंट. म्हणून मला बगळ्यांबद्दल सहानुभूती वाटायची.

डेस्मंडची पंचाईत झाली. तो इकडच्या टोकाहून तिकडच्या टोकाला पोचायचा, तेव्हा बाकीचे बास्केट करून किंवा चुकवून परत निघालेले असायचे. तो अर्ध्या वाटेत त्यांना भेटायचा. एका मॅचमध्ये तर तो मधेच थांबला, कमरेवर हात ठेवून दोन्हीकडे बघू लागला, बस नेमकी कुठल्या बाजूनं येते ते विसरलेल्या माणसासारखा. लोक हसले. काका हसले नाहीत.

"हा मोटरवे करून ठेवला यांनी," ते म्हणाले. बोटातल्या यंत्रावर त्या संध्याकाळी पुष्कळदा एकचाच आकडा होता.

त्यांनी क्लबला पत्रं लिहायला सुरुवात केली. कौन्सिलच्या इंग्रजीत, मुद्द्यांना आकडे घालून, सोबत पेन्सिलीनं काढलेला कोर्टाचा नकाशा. क्लबकडून दर वेळी एकच उत्तर यायचं, की तुमची उत्कटता आम्हाला फार मोलाची वाटते. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी यांना असं कधी म्हटलं नाही."

तिसऱ्या वर्षी सगळे पळून पळून दमले होते. मग कोचच्या शेजारी लॅपटॉप घेतलेला एक सडपातळ तरुण बसू लागला आणि टी-शर्टवरचा शब्द बदलला: स्पेस. आता पाचही खेळाडू तीन पॉइंटांच्या रेघेबाहेर कमानीसारखे उभे. तिथून बॉल टाकला की दोनऐवजी तीन पॉइंट मिळतात. गणित सरळ आहे. रिंगेखालची जागा मोकळी सोडायची, लांबून टाकत राहायचं. ती मधली जागा इतकी रिकामी दिसायची की रविवारी सकाळचं आमचं टाउन सेंटर आठवावं.

डेस्मंडला कोपऱ्यात उभं केलं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याला लांबून नेम मारायला शिकवत होते. तो बॉल टाकायचा ते कपाट सरकवल्यासारखं, सगळं अंग लावून. बॉल कधी रिंगेला लागायचा, कधी कशालाच नाही. प्रत्येक वेळी तो बेंचकडे बघून छातीवर हात ठेवायचा: सॉरी.

"हे तुमच्या लोकांनी केलं," काका मला म्हणाले.

"माझ्या? मी इन्शुरन्समध्ये आहे काका. मी फक्त कोणाच्या गाड्या जास्त ठोकल्या जातात ते बघते."

"तेच ते. डेटावाले सगळे एकच."

पुढचे तीन शनिवार ते माझ्याशी फक्त बिनबद्दल बोलले. चौथ्या शनिवारी सुपरमार्केटची मोठी पिशवी घेऊन आले. आत वह्या होत्या. चार-पाच वर्षांतली हेरन्सची घरच्या मैदानावरची प्रत्येक मॅच, प्रत्येक बास्केट, प्रत्येक चुकलेला नेम, तो कुठून मारला ते, हातचा गेलेला प्रत्येक बॉल, आणि त्याच्या आधीचे पास. अक्षर ड्रॉइंगमधल्यासारखं सरळ.

"सिद्ध कर," काका म्हणाले.

"काय?"

"की पाच पास चांगले असतात. आकड्यांत सांगितल्याशिवाय ते ऐकून नाही राहिले. तू कर, पुणेकर. तुझ्या लॅपटॉपवर."

मी तो शनिवार-रविवार घातला. त्यानंतरचा शनिवार-रविवारही घातला, कारण पहिलं उत्तर मला आवडलं नव्हतं. आकडे उलटसुलट फिरवले, चुकीचं काही सापडतं का पाहिलं. सापडलं नाही. पिशवी घेऊन मी काकांच्या मागच्या अंगणात गेले. ते कोथिंबिरीच्या कुंडीला पाणी घालत होते.

"काका, लॅपटॉपवाल्याचं बरोबर आहे," मी म्हणाले. "लांबून टाकलं की जास्त पॉइंट पडतात. तुमच्याच वह्यांतून दिसतं. पाच पास केले की मधेच कुठेतरी बॉल हातचा जातो."

काकांनी कुंडी पाणी बाहेर वाहीपर्यंत भरली. मग झारी खाली ठेवली.

"तुझं गणित बरोबर असेल," ते म्हणाले. "तू चांगली मुलगी आहेस, खोटं बोलणार नाहीस. पण त्यात डेस्मंड कुठाय?"

"म्हणजे?"

"तुझ्या उत्तरात तो कुठे उभा आहे?"

माझ्या उत्तरात डेस्मंड कुठेच उभा नव्हता.

चौथ्या सीझनमध्ये तो कोर्टावरही नव्हता. बेंचच्या टोकाला बसून टॉवेल हलवायचा, बाकीच्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायचा. त्या हिवाळ्यात क्लबनं चाहत्यांना कोचशी बोलायला बोलावलं. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरचा बार, पन्नासेक माणसं, कोच आणि लॅपटॉपवाला उंच स्टुलांवर. काका ब्लेझर घालून गेले आणि मला ओढून नेलं. माइक हातात आल्यावर त्यांनी प्रश्नाची सुरुवात नागपूरच्या सिमेंटपासून केली. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, कारण माणसांकडे बघण्याची सोय नव्हती. मधे राउंडअबाउट आलं, अनवाणी पाय आले, उजवीकडच्याला गिव्ह वे आला. शेवटी ते म्हणाले, "तर माझा प्रश्न असा, की या योजनेत डेस्मंडचं काम काय?"

"फार सुंदर प्रश्न," कोच म्हणाला. "डेस्मंड आमच्या कल्चरचा मोठा भाग आहे."

"सर," काका म्हणाले, "कल्चर दह्यात असतं."

इंग्रजीत विरजणालाही कल्चरच म्हणतात; लोक जोरात हसले. लॅपटॉपवाला चांगला मुलगा होता, तो समजावू लागला, की रिंगेकडे पाठ करून खेळण्याची ती जी जागा आहे, ती आमच्या हिशेबात कमी किमतीचा झोन ठरते.

"तो झोन नाही," काका म्हणाले. "तिथे डेस्मंड उभा असतो."

या वेळी कोणी हसलं नाही. बंदोबस्तावरच्या स्ट्युअर्डनं येऊन काकांच्या हातातून हळूच माइक घेतला. मागच्या भिंतीला टेकून सहा फूट दहा इंचांचा एक माणूस हातातल्या ज्यूसच्या ग्लासात बघत होता, हे मला बाहेर पडताना दिसलं. काकांना दिसलं की नाही, मी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी क्लबनं जाहीर केलं, की डेस्मंडचा करार सीझनबरोबर संपेल. त्याला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. सोबत फोटो, तोही टॉवेल हलवतानाचा.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आली. बगळे सुरुवातीपासून मागे होते. लांबून टाकलेलं काही पडत नव्हतं. ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशी काहीच पडत नाही, हाही त्या गणिताचाच भाग आहे. शेवटची तीन मिनिटं राहिली, वीसेक पॉइंटांचा फरक, मॅच संपल्यात जमा. कोचनं बेंचकडे बोट केलं आणि डेस्मंडनं टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला.

तो आत आला आणि सवयीनं कोपऱ्याकडे निघाला. मग थांबला. वळून रिंगेखाली गेला, पाठ करून उभा राहिला, आणि एक हात वर केला.

बॉल आला नाही. बाकीचे चौघं चार वर्षांत बदलले होते. त्याच्याबरोबर असं खेळलेलं त्यांच्यात कोणीच नव्हतं. एकानं लांबून टाकला, चुकला. पुढच्या खेपेला दुसऱ्यानं टाकला, चुकला. दोन्ही वेळा डेस्मंडचा हात वर तसाच.

काका उठले. "आत टाका नं, बापा! गिव्ह वे! अरे, गिव्ह वे!"

मागच्या रांगेतला जाडजूड इंग्रज, जो पहिलं वर्ष काकांना हेर समजत होता, तोही उभा राहिला. "गिव्ह वे!" तो गरजला. त्याला त्याचा अर्थ काय वाटला देव जाणे. मग त्याची रांग, मग आमची, मग समोरची बाजू. सगळं स्टेडियम वाहतुकीचा नियम ओरडत होतं. बॉल हातात असलेला पोरसवदा खेळाडू घाबरला आणि त्यानं बॉल आत दिला.

डेस्मंडनं तो छातीशी धरला. समोरच्या टीमचे दोघं त्याच्या अंगावर आले. त्यानं खांद्यानं एकाला मागे रेटलं, एक पाऊल, अजून एक. आता फक्त वळायचं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, समोरच्या टीमलाही बहुतेक. आणि त्यानं मान न वळवता, कमरेजवळून बॉल कोपऱ्यात दिला. तिथे बगळ्यांचा एक शूटर उभा होता, मॅचभर एकही नेम न लागलेला. त्याच्याभोवती कोणी नव्हतं. त्यानं टाकला. पडला. तीन पॉइंट.

सगळ्यात आधी दोन्ही हात वर गेले ते डेस्मंडचे.

मी काकांकडे बघितलं. ते बसले होते, तळहात चेहऱ्यावर.

"किती पास झाले?" मी विचारलं.

"मोजले नाहीत," ते हातांच्या आतून म्हणाले.

मॅच हरलो. काका म्हणाले, पाच मिनिटं थांबू. आम्ही कार पार्कमध्ये खेळाडूंच्या दाराशी उभे राहिलो. वारा असा, की माझे दात वाजत होते. काकांच्या खिशात घडी केलेला कागद होता. भाषण असणार, हे ओळखून मी मनाची तयारी केली. डेस्मंड बाहेर आला, एकटाच, खांद्यावर बॅग. काका पुढे झाले. त्याच्या छातीच्याही खाली येत होते. कागद त्यांनी काढलाच नाही.

"सोमवारी काय करणार तू?" काकांनी विचारलं. इंग्रजीत, पण अगदी हेच.

डेस्मंड हसला. मग हसणं गेलं. "खरं सांगू? माहीत नाही."

"पहिला सोमवार वाईट असतो," काका म्हणाले. "मला कौन्सिलनं काढलं. सगळ्यांना मी सांगतो की मी रिटायर झालो. काढलं. रिव्ह्यू होता. घरी बायकोला सांगता आलं नाही. सोमवारी टाय लावली, डबा घेतला, आठला निघालो. ऑफिसच्या शेवटच्या राउंडअबाउटला तीन चकरा मारल्या. बाहेर पडायचं कुठल्या रस्त्यानं, ते सुचेना. मग तळ्याकाठी गाडीत बसून राहिलो पाचपर्यंत. तीन आठवडे रोज. बायको त्या दिवसांत डब्यात गोड द्यायची. मला आणखीच चोरट्यासारखं व्हायचं."

मी हे चार वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"एक दिवस पाऊस होता. गाडीची काच गळत होती, म्हणून इथे आत आलो. तू एकटा नेम मारत होतास. म्हणालास, 'ऑल राइट, बॉस?' त्या अख्ख्या दिवसात माझ्याशी बोललेला तू एकटा माणूस. मी खुर्चीवर बसलो. तू काही म्हणाला नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो."

डेस्मंडनं आठवून पाहिलं. खरंच प्रयत्न केला, हे दिसत होतं. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "सॉरी."

"तुला कशाला आठवेल?" काका म्हणाले. "सोमवारी अकरा वाजता आमच्या घरी ये."

त्यांनी पत्ता सांगितला, राउंडअबाउटांसकट. मग आम्ही गाडीत बसून निघालो. घराच्या वळणावर आल्यावर काका म्हणाले, "शैलाला ते तीन आठवडे माहीत नाहीत. तू बोलू नको."

सोमवारी मी घरूनच काम करत होते. साडेअकराला काकूंचा फोन: "ये गं जरा. हा मुलगा बसला की आमच्या सोफ्यावर जागाच राहत नाही." डेस्मंड खरंच आला होता. दाराच्या चौकटीखालून वाकून आत शिरला असणार. गुडघे जवळजवळ हनुवटीपर्यंत आलेले, हातात पोह्यांची बशी, आणि काका समोर एक नकाशा पसरून त्याला कुठलं तरी जंक्शन समजावत होते. डेस्मंड मन लावून ऐकत होता. मधे त्यानं एक प्रश्नही विचारला.

मी किचनमध्ये काकूंना मदत करायला गेले. त्या शिरा परतत होत्या.

"कार पार्कात काय बोलले गं हे त्याच्याशी?" काकूंनी पाठ न वळवता विचारलं.

"काही नाही. असंच. मॅचबद्दल."

"तळ्याचं सांगितलं का?"

मी चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागले.

"पहिल्याच सोमवारी ऑफिसातून फोन आला होता," काकू म्हणाल्या. "दहा वाजता. यांचा मफलर राहिला होता तिथे. ती बाई म्हणाली, आम्हाला फार आठवण येईल हो त्यांची. हे तर आठलाच टाय लावून गेलेले. मी बसनं जाऊन मफलर आणला, येताना तळ्याकाठी उभी असलेली आमची गाडी खिडकीतून बघितली, आणि मफलर कपाटात ठेवून दिला, जणू काही तिथेच होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मी बोलले असते तर हे घरातच बसले असते, पडदे ओढून. त्यापेक्षा जाऊ दे म्हटलं रोज कुठेतरी. संध्याकाळी येऊन ऑफिसच्या गोष्टी सांगायचे. सगळ्या रचलेल्या. मी हो हो करायची. तीन आठवडे म्हणाले असतील नं तुम्हाला? पाच होते."

त्यांनी गॅस बारीक केला, वरून वेलदोड्याची पूड टाकली.

"तेवढे दिवस डब्यात रोज गोड दिलं," त्या म्हणाल्या. "थंडीत गाडीत एकट्यानं जेवायचं म्हणजे काय."

मग त्यांनी शिऱ्याची मोठी बशी ट्रेमध्ये ठेवून माझ्या हातात दिली. "हे आधी त्या मुलाला दे, उंच माणसाला भूक जास्त. आणि यांना सांगशील नको हं यातलं काही."

मी ट्रे घेऊन बाहेर गेले.